छत्तिसाव्या वर्षी शिक्षिका व्हायचंय? आधी वर्ग ठरवा, मग कॉलेज

मानेवाड्याच्या एका ताईंनी विचारलं आहे : वय ३६, २०१० सालचं बी.ए., विषय मराठी आणि इतिहास. मुलगी चौथीत, मुलगा बालवाडीत. यजमान बुटीबोरीला पाळीच्या नोकरीत, सासूबाई सोबत राहतात. शिक्षिका व्हायचं आहे. डीएड करू की बीएड? फार उशीर झाला का? आणि घराचं काय होईल?

मी नागपुरात १९ वर्षं मराठी शिकवते आहे. बीएडला प्रवेश घेतला तेव्हा मी ३३ वर्षांची होते, मुलगा दुसरीत आणि मुलगी तीन वर्षांची. गेली दहा वर्षं आमच्या शाळेत सराव पाठांसाठी येणाऱ्या छात्राध्यापिकांचं काम माझ्याकडे आहे आणि त्यात दरवर्षी दोन-तीन जणी तरी मुलंबाळं असलेल्या असतात. त्यांच्याकडे आणि स्वतःकडे बघून लिहिते आहे.

तुम्ही डीएड की बीएड असं विचारलंत, तिथूनच सुरुवात करू. बहुतेक जणी आधी घराजवळचं कॉलेज बघतात, मग फी बघतात, आणि पुढे कोणत्या मुलांसमोर उभं राहायचं हा विचार डिग्री हातात आल्यावर सुरू होतो. माझं म्हणणं अगदी उलट आहे. वर्गापासून मागे या. तुम्हाला पहिलीतल्या, अजून नाक पुसायला मदत लागणाऱ्या मुलांमध्ये बसायला आवडेल, की आठवी-नववीच्या मुलांशी कवितेवर वाद घालायला? या एका उत्तरावर पुढचं सगळं ठरतं, कारण कायद्याने हे दोन रस्ते वेगळे केले आहेत.

पहिली ते पाचवीला शिकवायचं तर डी.एल.एड. लागतं, म्हणजे आपण अजूनही ज्याला डीएड म्हणतो ते. बीएड केलेल्यांनाही पहिली ते पाचवीला घ्यावं अशी सूट एनसीटीईने, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने, २०१८ साली दिली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात रद्द केली. तरीही "बीएड मोठं, त्यात डीएड आलंच" असं सांगणारे लोक भेटतात. ते खरं नाही. नववी-दहावीसाठी मात्र पदवी आणि बीएड हवं. अकरावी-बारावीला त्या विषयाची एम.ए. आणि बीएड.

मधला सहावी ते आठवीचा गट फार जणींच्या लक्षात येत नाही. तिथे पदवी आणि बीएडही चालतं, पदवी आणि डीएडही चालतं. तुमची पदवी आधीच हातात आहे. म्हणजे तुम्ही डीएड केलंत आणि टीईटीचे, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचे, दोन्ही पेपर काढलेत तर पहिली ते आठवी असे आठ वर्ग तुमच्यासाठी उघडे होतात. बीएड केलंत तर सहावी ते दहावी. दोन्ही अभ्यासक्रम दोन-दोन वर्षांचेच आहेत. डीएडचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, वेगळी सीईटी नाही. बारावीनंतरच्या पोरींचं शिक्षण म्हणून पदवीधर बाया त्याकडे बघतही नाहीत, आणि मला याचं वाईट वाटतं. लहान मुलांची खरी आवड असलेल्या दोघी-तिघी माझ्यासमोर केवळ मोठं नाव म्हणून बीएडला गेल्या, आणि आता नववीच्या वर्गात रोज दमून जातात.

बीएडच ठरलं तर राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा आहे : १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बुद्धिमापन, सामान्यज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता. पदवीला खुल्या प्रवर्गात ५० टक्के, राखीवमध्ये ४५ टक्के लागतात. पंधरा वर्षांत पुस्तक उघडलं नसेल तरी घाबरू नका. बुद्धिमापनासाठी शाळेच्या शिष्यवृत्ती परीक्षेची पुस्तकं घ्या. मुलीबरोबरच सोडवा. दोघींचा अभ्यास एका टेबलावर होईल.

आता उशीर झाला का, त्याबद्दल. इथे मी गोड बोलणार नाही, कारण गोड बोलणाऱ्यांमुळेच बायांची दोन वर्षं आणि साठवलेले पैसे जातात. शिकायला उशीर झालेला नाही, या अभ्यासक्रमांना कमाल वयाची अट आडवी येत नाही. सरकारी नोकरीच्या भरतीला मात्र येते. जिल्हा परिषद, महानगरपालिका अशा भरतीत खुल्या प्रवर्गाला साधारण ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ ही वयोमर्यादा धरली जाते. तुम्ही आज ३६. पुढच्या सत्रात प्रवेश, दोन वर्षं अभ्यासक्रम, म्हणजे बाहेर पडाल तेव्हा एकोणचाळीस. प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही. खुला असेल तर जिल्हा परिषदेची नोकरी डोळ्यांपुढे ठेवून हा खर्च करू नका, खासगी शाळांचा हिशेब धरून ठरवा. मागास प्रवर्ग असेल तर तुमच्या हातात चार वर्षं आहेत. ती भरपूर नाहीत, कारण पवित्र पोर्टल या शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावरच्या भरतीसाठी जी अभियोग्यता चाचणी लागते, ज्याला आपण टेट म्हणतो, ती दरवर्षी होत नाही. २०१७, मग २०२३, मग २०२५ अशी झाली. २०० प्रश्न, १२० मिनिटं. जेव्हा निघेल तेव्हा तयार असायला हवं, म्हणून तिचा सराव कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून रोज अर्धा तास करा.

टेट वेगळी, टीईटी वेगळी. नावं सारखी असल्याने खूप गोंधळ होतो. टीईटी ही पात्रता परीक्षा, १५० गुणांची, पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी आणि दुसरा सहावी ते आठवीसाठी. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात. एकदा काढली की प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. माझी नेमणूक झाली तेव्हा ही परीक्षाच नव्हती, राज्यात ती २०१३ साली आली. पण १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी लागू केली, आणि ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक आहेत त्यांना दोन वर्षांची मुदत दिली. माझ्या शिक्षक-खोलीत पन्नाशीच्या बाया परत बालमानसशास्त्राची पुस्तकं उघडून बसल्या आहेत. तेव्हा टीईटी टाळून कुठे तरी लागू, हा विचार मनातून काढा.

नोकरी लागली तरी अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून जातात. मानधन जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला २०,००० रुपये आहे. विनाअनुदानित खासगी शाळेत याहून कमीवरही सही करावी लागते हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नेमणूकपत्र लेखी घ्या, आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही कपाटात ठेवू देऊ नका. माझ्या एका मैत्रिणीची मूळ गुणपत्रिका एका संस्थेत सहा महिने अडकली होती आणि तेवढ्यात तिच्या हातची चांगली संधी गेली.

"कॉलेजला यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या" असं सांगणारा कुणी तरी तुम्हाला भेटणारच. मुलं असलेली बाई दिसली की हे लोक हमखास येतात. एनसीटीईच्या नियमाप्रमाणे वर्गात ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपमध्ये ९० टक्के हजेरी सक्तीची आहे. मुक्त विद्यापीठांचं बीएडही घरी असलेल्या गृहिणीसाठी नाही, ते मुख्यतः आधीपासून शिकवणाऱ्या, प्रशिक्षित शिक्षकांसाठी आहे. आणि नियम बाजूला ठेवला तरी, न जाता मिळालेल्या डिग्रीवर चाळीस मुलांसमोर उभं राहायचं म्हणजे काय होतं ते पहिल्याच तासात कळतं. मुलं फसत नाहीत.

कागदपत्रं आत्ताच काढायला घ्या, यात अकारण महिने जातात. दहावी-बारावी-पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, हे जवळजवळ प्रत्येकीचं असतं. विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदलाचं राजपत्र तयार ठेवा. पदवीनंतर इतकी वर्षं काय केलं याचं शपथपत्र मागतात, तेही करून ठेवा. ओबीसी असाल तर नॉन-क्रिमीलेअर माहेरच्या म्हणजे आईवडिलांच्या स्थितीवरून ठरतं, नवऱ्याच्या पगारावरून नाही. सेतू केंद्रावर उलट सांगितलं म्हणून परत आलेल्या मुली माझ्याकडे येतात. फीचंही विचारा : २०२४-२५ पासून कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत आहे, पण ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेला. व्यवस्थापन कोट्यातली जागा घेण्याआधी, हातातल्या जागेला सवलत लागू आहे का हे कॉलेजच्या कार्यालयात स्पष्ट विचारून घ्या.

आता घर. तुमच्या पत्रात हे शेवटी आलं आहे, पण मला वाटतं तुम्हाला रात्री झोप येत नसेल ती याच्यामुळे.

मी शिकायचं ठरवलं तेव्हा घरच्यांना म्हणाले, "मला तुमची साथ पाहिजे." सगळे हो म्हणाले. पहिल्या महिन्यातच कळलं की साथ म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. मी पहाटे साडेचारला उठून स्वयंपाक, डबे, धुणं, सगळं करून कॉलेजला जायची आणि रात्री पाठ टाचण लिहिताना वहीवरच डोकं टेकायची. मग एका रविवारी मी सासूबाईंसमोर वही घेऊन बसले. त्या काटोलकडच्या, चौथी शिकलेल्या. म्हटलं, मला साथ नको, मला सकाळी नऊ ते दहा हा तास पाहिजे. त्या तासात लहानीची आंघोळ, पोराला ऑटोत बसवून देणं, एवढं तुमचं. त्या म्हणाल्या, "मंग असं सांग नं बाप्पा. पाहतो मी पोट्ट्याले." आणि वर्षभर एकही दिवस चुकवला नाही. तुमच्याही सासूबाई सोबत आहेत. त्यांच्याकडे आधार मागू नका, वेळ मागा, घड्याळातली. यजमानांची पाळी बदलती असेल तर महिन्याचं वेळापत्रक फ्रीजवर लावा आणि ज्या आठवड्यात ते सकाळी घरी असतील त्या आठवड्यातली सगळी सकाळ त्यांची.

काही गोष्टी तरीही सुटतील. माझ्या मुलाचा तान्हा पोळा, म्हणजे पोरांनी लाकडी बैल सजवून मिरवायचा सण, सुटला. त्याचा लाकडी बैल मी आदल्या रात्री रंगवून ठेवला होता, बेगड लावली, गळ्यात माळ घातली. दुसऱ्या दिवशी माझा पाठ होता, बदलून मागितला तर मिळाला नाही. शेजारच्या काकूंनी त्याला नेलं. संध्याकाळी तो बक्षिसाचा पेन्सिल-डबा घेऊन दारात बसला होता आणि माझ्याशी बोलला नाही. आजही पोळ्याला ते आठवतं. तुम्हाला हे सांगते ते घाबरवायला नाही. सत्र सुरू झालं की पहिल्या आठवड्यातच कॉलेजचं वेळापत्रक आणि मुलांच्या शाळेचं वेळापत्रक शेजारी ठेवून, ज्या दोन-तीन दिवशी काहीही झालं तरी मुलांसोबत असायचं आहे त्यांवर लाल खूण करा आणि मार्गदर्शक प्राध्यापकांना तेव्हाच सांगा. महिनाभर आधी मागितलेला बदल मिळतो, आदल्या दिवशीचा मिळत नाही.

सगळ्यात जड काळ इंटर्नशिपचा. बीएडमध्ये एकूण वीस आठवडे असतात, त्यातले सोळा दुसऱ्या वर्षी. सराव शाळा घराजवळच मिळेल असं नाही. मानेवाड्याहून कळमन्याला किंवा वाडीला जावं लागू शकतं, पावसात, हातात तक्ते घेऊन. आपल्याकडे विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा आपलं पहिलं सत्र आखूड असतं आणि पाठांची गर्दी होते. त्या काळासाठी शिल्लक रजा यजमानांनी आधीपासून राखून ठेवावी.

"आता या वयात?" असं विचारणारे नातेवाईक असतील. त्यांच्यापुढे जाईबाई चौधरींचं नाव घ्या. आपल्याच नागपूरच्या. १८९२ चा जन्म, अस्पृश्य म्हणून वागवल्या गेलेल्या घरातला, लहानपणीच लग्न, आणि पोटासाठी डोक्यावर ओझी वाहून हमाली. मिशनमधल्या ग्रेगरी नावाच्या ननने त्यांच्यातलं शिक्षण ओळखलं आणि शाळेत शिकवायला घेतलं. अस्पृश्य बाई शिकवते म्हणून लोकांनी विरोध केला, ती नोकरी गेली. १९२२ साली त्यांनी नागपुरात संत चोखामेळा मुलींची शाळा काढली.

आता वर्गाबद्दल सांगते. आई असण्याचा वर्गात काय उपयोग होतो हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. उपयोग होतो. बालमानसशास्त्रात पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा, मूल विचार कसं करतं हे सांगणारा भाग येईल तेव्हा विशीतल्या मुली पाठ करतात, तुम्ही आज संध्याकाळी घरात करून बघा. दोन सारख्या पेल्यांत सारखं दूध घ्या, मुलाला दाखवा. मग त्यातला एक पसरट वाटीत ओता आणि विचारा, जास्त कशात आहे? बालवाडीतलं मूल बहुधा उंच पेल्याकडे बोट दाखवेल. चौथीतली मुलगी म्हणेल, सारखंच तर आहे. ते उत्तर एकदा कानाने ऐकलं की परीक्षेत विसरत नाही, आणि पहिलीच्या वर्गात "एवढं सोपं कसं कळत नाही याला" हा वैतागही येत नाही. ताप आलेलं मूल, उपाशी आलेलं मूल तुम्ही दारातून ओळखाल.

पण आईची एक सवय वर्गात नडते. मागे आमच्याकडे सदतीस वर्षांची एक छात्राध्यापिका होती, दोन मुलांची आई. सातवीवर पावसाच्या कवितेचा पाठ. तयारी उत्तम, तक्ता सुंदर. तिने विचारलं, "या बाईला पावसाची वाट का पाहावीशी वाटते?" एक मुलगा अर्धवट उठला, "मॅडम, कारण तिचं..." आणि हिने वाक्य पुरं केलं, "शेत कोरडं पडलंय, हो ना?" मुलगा मान हलवून बसला. मी मागच्या बाकावर निरीक्षण वहीत रेघा मारत होते. अकरा प्रश्न विचारले, त्यातल्या नऊंची उत्तरं तिनेच दिली. घरी आपण हेच करतो. मुलाला अर्धा शब्द सुचायच्या आत आपल्याला पूर्ण कळलेलं असतं, आणि हातात पोळी भाजायची असते.

तिला मी म्हटलं, प्रश्न विचारला की हात पाठीमागे घे आणि अंगठ्याने एकेक बोट मोज, करंगळीपर्यंत. तोवर बोलायचं नाही. दुसऱ्या पाठाला तिने तसंच केलं. पुन्हा पावसाचाच प्रश्न. वर्ग गप्प. तिच्या चेहऱ्यावर घाम दिसत होता. तिसऱ्या बोटाला शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर माझ्याही तासाला बोलली नव्हती, बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, पाऊस आला की बाबांचं काम बंद राहते. ते घरी राहतात. म्हणून." वडील गवंडीकाम करायचे. त्यानंतर वर्गात जे बोलणं सुरू झालं ते घंटा झाली तरी थांबेना. हे शिकायला तिला कॉलेजच लागलं, मातृत्व पुरलं नाही.

फळ्याचं एक. साध्या वाटणाऱ्या या कामात सगळ्यांचे हात थरथरतात. गुंडाळी फळा विकत घ्या, स्वयंपाकघराच्या दारामागे टांगा आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत रोज चार ओळी लिहा. नवा खडू मधोमध मोडून घ्या, करकरत नाही. ओळ खाली उतरते ती आपण एकाच जागी उभं राहून हात लांबवतो म्हणून, लिहिता लिहिता पायाने सरका. आणि लिहून झालं की घरातल्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून स्वतः वाचून बघा.

अर्ज भरायच्या आधी मात्र एक काम करा. तुमच्या भागातल्या एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, आधी दुसरीच्या आणि मग आठवीच्या वर्गात मागे बसू द्या म्हणून विनंती करा. दोन-दोन दिवस, शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत. पोषण आहाराची रांग, वह्यांचे गठ्ठे, ऑनलाइन माहिती भरणं, हे सगळं बघा, कारण ही अर्ध्या दिवसाची नोकरी नाही. दोन्ही वर्गांत बसून झालं की कोणत्या वर्गात तुमचं घड्याळाकडे लक्ष गेलं नाही ते मला लिहा, आणि सोबत प्रवर्ग आणि बारावीचे गुण. मग डीएड की बीएड ते नेमकं सांगते.